काट्याने काटा : पाण्यावरील तण आणि दोन मिलिमीटरचा भुंगा

गेल्या वर्षी पावसाळा सरला आणि आमच्या शाळेच्या वाटेवरील तळे एकाएकी हिरवे दिसू लागले. आषाढात ज्या पाण्यात आभाळ उतरत असे, त्या पाण्यावर कार्तिकात हिरवी सतरंजी अंथरली गेली होती. आठवीच्या वर्गात मराठीच्या तासाला हा विषय सहज निघाला, तेव्हा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, केरळात असले तण एका किड्याने खाऊन फस्त केले म्हणे. तोच किडा आणून आपल्या तळ्यात का सोडू नये?" त्याचे बोलणे पुरे होते न होते तोच मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "आणि तण संपल्यावर तो किडा आमच्या शेतातले भात खाऊ लागला तर?"

दोन्ही प्रश्न मोलाचे होते. पण आम्ही पडलो भाषेचे शिक्षक. तत्काळ उत्तर देणे आम्हाला जमले नाही. "महिन्याभराने सांगू," एवढे म्हणून आम्ही वेळ मारून नेली आणि नंतर मात्र खरोखरच वाचनास बसलो. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. ही कथा जितकी किड्याची आहे, तितकीच ती नावांची आहे; आणि नावे हा तर आमच्याच प्रांतातील विषय! म्हणून त्या दोन प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी मित्रांपुढे आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या वाचकांपुढे येथे सविस्तर मांडीत आहोत.

पाण्यावर तरंगणारा नेचा

केरळातील ज्या तणाचा उल्लेख त्या विद्यार्थ्याने केला, त्याचे शास्त्रीय नाव साल्विनिया मोलेस्टा. 'साल्विनिया' हे नाव इटलीतील साल्विनी नावाच्या पंडितावरून पडले. 'मोलेस्टा' या लॅटिन शब्दाचा अर्थ उपद्रवी. ही वनस्पती म्हणजे एक नेचा. पावसाळ्यात घाटातील कड्यांवर आणि विहिरींच्या कठड्यांवर जे नाजूक नेचे उगवतात, त्यांच्याच गणगोतातील. परंतु हिने जमीन सोडून पाण्यावर संसार थाटला.

हिचे आडवे खोड पाण्याच्या पृष्ठभागाखाली वाढते. त्याच्या प्रत्येक पेराशी तीन पाने असतात. दोन पाने पाण्यावर तरंगतात आणि तिसरे पाणी शोषण्यासाठी खाली लोंबते. हे तिसरे पान इतके विरलेले असते की पाहणारा त्यास मूळच समजतो. वास्तविक या वनस्पतीला मुळे नाहीतच. तरंगणाऱ्या पानांच्या वरच्या बाजूस बारीक केस असतात. चार केस एका देठावर उगवून टोकाशी पुन्हा एकत्र जुळतात, त्यामुळे भिंगातून पाहिले असता ताक घुसळावयाच्या रवीचा आकार दिसतो. या केसांमुळे पान पाण्यात बुडवले तरी ओले होत नाही. ही रवी नीट लक्षात ठेवावी; लेखाच्या शेवटी तिचे काम पडणार आहे.

ही वनस्पती बीजाणूंपासून वाढत नाही. तिच्यावर बीजाणूंच्या पिशव्या दिसतात, पण त्या वांझ असतात. खोडाचा तुकडा मोडला की त्यावरील कोंबापासून नवी वनस्पती तयार होते. होडीच्या वल्ह्याने तुकडे होवोत की म्हशीच्या पायाने, तिचा वंश वाढतच जातो. अनुकूल हवापाणी मिळाले तर दोन-तीन दिवसांत ती दुप्पट होते. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. तीन दिवसांस दुप्पट, या हिशेबाने साठ दिवसांत वीस वेळा दुप्पट; म्हणजे एका रोपाची १०,४८,५७६ रोपे! प्रत्यक्षात दाटी झाली की वेग मंदावतो; पण मग पाने दुमडून उभी राहतात, थरावर थर चढतो आणि काही ठिकाणी तो मीटरभर जाड होतो. त्याखाली ना ऊन पोचते ना वारा. पाण्यातील प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, पाण्याखालील वनस्पती मरतात.

ब्राझीलची कन्या, आफ्रिकेचे नाव

साल्विनिया मोलेस्टाचे माहेर ब्राझीलच्या आग्नेय भागात आहे. शोभेची व अभ्यासाची वनस्पती म्हणून ती जगभर नेण्यात आली. श्रीलंकेत ती १९३९ साली कोलंबो येथे वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासासाठी आली आणि तेथून निसटून भातशेतीत पसरली. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा धरण बांधले गेले व १९५८ च्या डिसेंबरात पाणी अडवण्यास प्रारंभ झाला. पुढल्याच वर्षी नव्या सरोवरात ही वनस्पती दिसली आणि १९६२ पर्यंत तिने सुमारे १,००० चौरस किलोमीटर पाणी व्यापले. गोवा राज्याचे एकंदर क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या विस्ताराची कल्पना येईल.

केरळात ती १९५० नंतरच्या दशकात दिसू लागली. तेथील लोक तिला 'आफ्रिकन पायल' म्हणतात. 'पायल' म्हणजे मल्याळम भाषेत शेवाळ. पाहा, ही वनस्पती आफ्रिकेची नव्हे आणि शेवाळही नव्हे. पण दोन शब्दांच्या नावात दोन चुका होऊन ते रूढ झाले. लोकांच्या तोंडच्या नावाने फारसे बिघडत नाही. परंतु शास्त्रज्ञांचेच नाव चुकले तर काय होते, ते आता सांगावयाचे आहे. तत्पूर्वी एका जुन्या प्रसंगाकडे वळू, कारण तणावर किडा सोडण्याची कल्पना आपल्या देशात दोनशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचा आरंभही एका चुकीतूनच झाला.

किरमिजी रंग आणि निवडुंग

'किरमिजी' हा शब्द आपण रोज वापरतो. पण तो किड्यापासून मिळणाऱ्या रंगाचा वाचक आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. अमेरिका खंडात निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्यापासून उत्तम किरमिजी रंग निघत असे व त्याचा व्यापार मोठा होता. आपल्या ताब्यातील मुलखातही हा रंग तयार व्हावा, या हेतूने इंग्रजांनी १७९५ साली ब्राझीलमधून तो किडा बंगालमध्ये आणविला. परंतु आणावयाचा होता डॅक्टिलोपियस कॉकस आणि आला त्याचा भाऊबंद डॅक्टिलोपियस सिलोनिकस! रंगाच्या दृष्टीने हा किडा कुचकामाचा ठरला. तथापि शेताच्या बांधांवर आणि पडीक रानात माजलेला एक जातीचा निवडुंग त्याने पाहता पाहता खाऊन टाकला. ते पाहून एकोणिसाव्या शतकात दक्षिण हिंदुस्थानात आणि श्रीलंकेत त्याच निवडुंगाचा नायनाट करण्यासाठी हा किडा मुद्दाम नेण्यात आला. तणावर किडा सोडून त्याचे नियंत्रण करण्याचे हे जगातील आद्य उदाहरण मानले जाते.

याच गोष्टीचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. दक्षिणेत दुसऱ्या एका जातीचा निवडुंग माजला होता. त्याला या किड्याने तोंडही लावले नाही. माणसाच्या दृष्टीने दोन्ही निवडुंगच, पण किड्याला त्यांतील भेद अचूक कळत होता. अखेर १९२६ साली श्रीलंकेतून डॅक्टिलोपियस ओपन्शी नावाचा तिसरा किडा आणावा लागला आणि मगच तो दुसरा निवडुंग आटोक्यात आला. किड्याच्या जिभेला जी पारख असते ती माणसाने डोळ्यांनी व अभ्यासाने मिळवली पाहिजे, हा या प्रसंगाचा धडा होय. साल्विनियाच्या बाबतीत तो पुन्हा एकदा शिकावा लागला.

आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

करिबाच्या अनुभवानंतर १९६० च्या दशकात शास्त्रज्ञ या तणाचा नैसर्गिक शत्रू शोधू लागले. शोध कोठे घ्यावयाचा, हे त्या वनस्पतीच्या नावावरून ठरते. कारण शत्रू सापडतो तो तिच्या माहेरी. त्या काळी या तणाला साल्विनिया ऑरिक्युलाटा समजत असत. ही दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात व त्रिनिदाद बेटावर आढळणारी तिची बहीण. साहजिकच शोधपथके त्रिनिदादकडे वळली आणि तेथून एक नाकतोडा, एक पतंग व एक भुंगा, असे तीन किडे निवडण्यात आले. ते निरनिराळ्या देशांत सोडण्यात आले; आपल्याकडे केरळातही १९७४ साली त्यांतील नाकतोडा आणला गेला. तो काही ठिकाणी तगला, परंतु तणाचा फैलाव काही आटोक्यात येईना. आग एका ठिकाणी आणि बंब दुसऱ्या ठिकाणी, असा तो प्रकार झाला.

१९७२ साली डेव्हिड मिचेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने बारकाईने अभ्यास करून दाखवून दिले की हे तण साल्विनिया ऑरिक्युलाटा नव्हेच; ही एक वेगळी जात आहे. साल्विनिया मोलेस्टा हे नाव त्यांनीच दिले. आता प्रश्न उरला, की या वेगळ्या जातीचे माहेर कोणते? ते १९७८ साली ऑस्ट्रेलियाच्या वेंडी फोर्नो आणि केन हार्ली या संशोधकांनी आग्नेय ब्राझीलमध्ये शोधून काढले. तेथे ही वनस्पती होती, पण तिचा माज नव्हता. तिच्यावर एक काळा भुंगा होता, अवघा दोन मिलिमीटर लांबीचा.

हा भुंगा त्रिनिदादच्या भुंग्यासारखाच दिसे, म्हणून प्रथम तो त्याच जातीचा मानला गेला. पुढे निकटच्या तपासणीत तो निराळा ठरला आणि १९८५ साली सिर्टोबॅगस साल्विनी हे स्वतंत्र नाव त्याला मिळाले. म्हणजे तणाचे नाव चुकले होते आणि किड्याचेही! एका अक्षराच्या चुकीने परीक्षेत गुण जातात, म्हणून विद्यार्थी आमच्यावर रुसतात. येथे एका नावाच्या चुकीने सुमारे वीस वर्षे गेली, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

भुंगा जिंकतो कसा?

येथे चिकित्सक विद्यार्थी विचारील की तण दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. भुंग्याला मात्र अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत सुमारे दीड महिना लागतो. मग ही शर्यत कासवाने जिंकावी कशी?

याचे उत्तर भुंग्याच्या खाण्याच्या रीतीत आहे. नाकतोडा पाने खातो. पाने गेली तरी कोंब शाबूत असतो आणि नवे पान फुटते. हा भुंगा मात्र प्रामुख्याने कोंबच खातो. मादी कोंबाजवळ खाऊन खळगा करते व त्यात अंडे घालते. अळी बाहेर आली की प्रथम कोवळे भाग खाते आणि मग थेट आडव्या खोडात शिरून ते आतून पोखरते. ज्या वनस्पतीचा वंश केवळ कोंबांवर आणि खोडाच्या तुकड्यांवर चालतो, तिचा कोंब व खोड हीच दोन मर्मे होत. भुंगा त्या मर्मांवरच घाव घालतो. खोड पोखरले गेले की हिरवे रान तपकिरी होते, सडते आणि तळाशी बसते.

याचा प्रत्यय प्रथम ऑस्ट्रेलियात आला. क्वीन्सलँड राज्यात माउंट आयझा या खाणींच्या शहराला पाणी पुरविणारे मूंडारा नावाचे सरोवर आहे. तेथे १९८० च्या जूनमध्ये ब्राझीलचा हा भुंगा सोडण्यात आला. १९८१ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे अवघ्या चौदा महिन्यांत, सुमारे २०० हेक्टरांवरील १८,००० टन तण त्याने नष्ट केले.

त्यानंतरची कसोटी पापुआ न्यू गिनी देशातील सेपिक नदीच्या खोऱ्यात लागली. तेथील हजारो लोकांचे जीवन होडीवर अवलंबून होते. मासेमारी, बाजार, दवाखाना, शाळा, सर्व वाटा पाण्याच्या. सुमारे २५० चौरस किलोमीटर पाण्यावर साल्विनिया दाटली, तेव्हा होड्या अडकल्या, मासे मिळेनासे झाले आणि काही वस्त्या उठून गेल्या. तेथे सोडलेला भुंगा मात्र आरंभी वाढेना. शास्त्रज्ञांनी कारण शोधले, तेव्हा कळले की त्या पाण्यातील तणात नत्राचे प्रमाण फार कमी होते आणि असल्या निकस अन्नावर भुंग्याची वीण वाढत नव्हती. मग थोड्या जागेतील तणालाच युरिया खत घालण्यात आले! तण पुष्ट झाले, त्यावर भुंगे वाढले आणि एकदा त्यांची संख्या पुरेशी झाली की त्यांनी कुरतडलेल्या तणाला फुटणारे नवे कोंब आपोआपच नत्रयुक्त निघू लागले. भुंगे असलेल्या तणाच्या गोण्या भरून सरोवरासरोवरांत टाकण्यात आल्या. १९८५ पर्यंत २५० चौरस किलोमीटरांपैकी दोन चौरस किलोमीटरही तण उरले नाही. सुमारे वीस लाख टन तण नाहीसे झाले आणि होड्यांच्या वाटा पुन्हा मोकळ्या झाल्या. या कार्याबद्दल ऑस्ट्रेलियाच्या संशोधकांना १९८५ चे युनेस्कोचे विज्ञान पारितोषिक मिळाले.

मग तो भात खाणार नाही कशावरून?

आता आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हे, शहाणपणाचा आहे. शिवाय आपल्या भागात या शंकेला आणखी एक आधार आहे. सिर्टोबॅगस हा सोंडेचा भुंगा. आपल्या माडांचा वैरी असलेला सोंड्या भुंगाही सोंडवाल्यांच्याच गोतातील आणि त्याची अळीही खोडच पोखरते. ज्या कुटुंबाने माड कोसळताना पाहिला आहे, त्याने असल्या गोतातील दुसरा किडा परदेशातून मुद्दाम आणण्यास कचरावे, हे स्वाभाविकच होय.

परक्या प्राण्याला अविचाराने आणल्याचे दुष्परिणाम जगाने भोगलेही आहेत. त्याच क्वीन्सलँडमध्ये १९३५ साली उसावरील भुंगे खाण्यासाठी अमेरिकेकडचे मोठे बेडूक हवाई बेटांतून आणले गेले. त्यांनी उसावरचे भुंगे काही आटोक्यात आणले नाहीत. उलट ते बेडूक विषारी असल्याने त्यांना खाणारे तेथील प्राणी मेले आणि बेडूक आजतागायत पसरतच आहेत. हा बेडूक मिळेल ते खाणारा होता, आणि सोडण्यापूर्वी त्याची पुरेशी परीक्षा झाली नव्हती.

म्हणून किडा निवडण्याचा पहिला नियम असा, की तो एकाच अन्नावर जगणारा हवा. हे केवळ समजुतीने ठरवीत नाहीत. किडा प्रथम बंदिस्त प्रयोगशाळेत ठेवतात. त्याला निरनिराळ्या पिकांची व वनस्पतींची पाने देतात. कधी तणाबरोबर दुसरी वनस्पती ठेवून तो कोणती निवडतो ते पाहतात. कधी तण काढून घेऊन केवळ भात किंवा केवळ दुसरी वनस्पती ठेवतात आणि उपाशी राहूनही तो ती खातो का, तिच्यावर अंडी घालतो का, अळी जगते का, हे नोंदवितात. ज्या किड्याची पिढी तणावाचून चालू शकत नाही, तोच पुढे सोडण्यास योग्य ठरतो. सरकारच्या परवानगीवाचून असा किडा देशात आणता येत नाही.

साल्विनियाचा भुंगा या कसोटीला उतरला. त्याची अंडी, अळी, कोष, सारे त्या तरंगत्या नेच्याच्या रचनेशी जखडलेले आहे. कोष तर तो पाण्याखाली लोंबणाऱ्या त्या मुळासारख्या पानात विणतो. भाताचे रोप त्याला घरही देऊ शकत नाही आणि अन्नही. तण संपत आले की भुंग्यांची संख्याही घटते. उरलेल्या थोड्या तणावर थोडे भुंगे जगतात; तण पुन्हा वाढू लागले की तेही वाढतात. माडाचा सोंड्या भुंगा आणि हा भुंगा एका गोताचे असले, तरी दोघांची ताटे निरनिराळी आहेत. गोत सारखे म्हणून गुण सारखे मानणे, हीही नावाचीच फसगत होय.

कुट्टनाडची सुटका

केरळातील कुट्टनाड हा आळप्पुळ्याच्या बाजूचा सखल प्रदेश. समुद्रसपाटीहून खाली असलेल्या जमिनीला बांध घालून तेथे भात पिकवितात. आपल्या खाजण शेतीची ज्यांना ओळख आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. तेथे पूर्वी उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी आत शिरे आणि गोड्या पाण्यातील तण त्याने मरून जाई, कारण साल्विनियाला खारे पाणी मानवत नाही. १९७० च्या दशकात तण्णीरमुक्कम येथे खारे पाणी अडविणारा बंधारा झाला. भाताला त्याचा लाभ झाला, पण तणाचा एक नैसर्गिक वैरीही त्यामुळे अडला. कालवे तुंबले, होड्या चालेनात आणि पेरणीपूर्वी शेतातील तण काढण्यासाठी मजुरीचा मोठा भुर्दंड शेतकऱ्यांवर पडू लागला.

१९८२ साली ऑस्ट्रेलियातून हा भुंगा बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेत आणण्यात आला. तेथे परीक्षा झाल्यावर बंगळूरमधील कमळांच्या एका कुंडात तो सोडला गेला आणि अकरा महिन्यांत ते कुंड स्वच्छ झाले. १९८३ पासून केरळ कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तो कुट्टनाड व इतर भागांत सोडला. सुमारे तीन वर्षांत, पूर्वी सोडून द्यावे लागलेले बहुतेक कालवे पुन्हा होड्यांसाठी खुले झाले. अलीकडेही जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने मध्य प्रदेशातील कटनी जिल्ह्यातील एका मोठ्या तळ्यात २०१९ च्या अखेरीस हा भुंगा सोडला. सुमारे दीड वर्षात ते तळे मोकळे झाले.

या उपायाच्या मर्यादा

एवढे वाचून कोणी या उपायाला रामबाण समजू नये. प्रथम, तो धिम्या गतीचा आहे. पहिले काही महिने काहीच घडत नाही असे वाटते आणि नेमक्या त्याच वेळी अधीर होऊन कोणी तणनाशक फवारले किंवा सारे तण उपसून काठावर टाकले, तर तणाबरोबर भुंगेही जातात. दुसरे, थंड हवेत भुंग्याची वाढ मंदावते. तिसरे, तण सडताना पाण्यातील प्राणवायू काही काळ आणखी कमी होतो.

चौथी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. आपल्या बहुतेकांस परिचित असलेल्या जलपर्णीवरही दोन जातींचे सोंडवाले भुंगे १९८० च्या दशकाच्या आरंभी भारतात आणले गेले. मणिपूरच्या लोकताक सरोवरासारख्या ठिकाणी त्यांचा उपयोग झाला. पण जेथे शहराचे सांडपाणी व शेतातून वाहून आलेले खत पाण्यात सतत मिसळत असते, तेथे जलपर्णी इतकी जोमाने वाढते की भुंग्यांचे खाणे तिला पुरे पडत नाही. किडा तण खाईल; आपण पाण्यात सोडलेली घाण तो खाणार नाही. ते काम आपलेच आहे.

पुन्हा तळ्याकाठी

महिना संपला आणि ठरल्याप्रमाणे आम्ही वर्गाला घेऊन तळ्यावर गेलो. बरोबर पांढरी थाळी, एक भिंग आणि लांब काठी. सर्वांचा आग्रह एकच, की भुंगा मागविण्याचे पत्र आजच लिहावे. आम्ही म्हटले, "पत्र लिहू, पण पत्रात तणाचे नाव काय घालणार? आधी ते ओळखा."

काठीने एक रोप ओढून थाळीत ठेवले. ते कोबीच्या लहानशा गड्ड्यासारखे दिसत होते. पाने मध्यातून गोलाकार फुटलेली, त्यांवर लांब समांतर शिरा आणि मऊ लव. उलटे करून पाहिले तर खाली खऱ्याखुऱ्या मुळांचा झुबका. भिंग हातोहात फिरले; पण रवीच्या आकाराचा एकही केस कोणाला दिसला नाही. दुसऱ्या कोपऱ्यातून आणलेल्या रोपाला फुगीर देठ आणि जांभळे फूल होते. ती जलपर्णी होती. पहिले रोप पिस्टियाचे निघाले. साऱ्या तळ्यावर साल्विनिया मिळाली नाही.

ज्या भुंग्याचे आम्ही महिनाभर गुणगान केले, तो आमच्या तळ्यात तग धरू शकला नसता. पिस्टियाचा भुंगा वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात १९८२ साली तो सोडण्यात आला व तेथे यशस्वी ठरला. वर्गातील काही चेहरे हिरमुसले. भाताविषयी प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी मात्र थाळीतील रोप पुन्हा उलटसुलट करीत म्हणाली, "सर, म्हणजे आपण नाव न बघताच पत्र लिहिणार होतो!"

तिच्या या एका वाक्यात सारा धडा आला. १७९५ साली रंगाच्या किड्याबाबत जे घडले, पुढे त्रिनिदादला गेलेल्या शास्त्रज्ञांच्या बाबतीत जे घडले, तेच आमच्या आठवीच्या वर्गात घडता घडता राहिले. काट्याने काटा काढता येतो, हे खरे. पण कोणता काटा रुतला आहे, हे आधी पाहावे लागते. पत्र आम्ही पुढे लिहिले, ते ग्रामपंचायतीला. तळ्यावर कोणत्या दोन वनस्पती आहेत, त्या कोणत्या बाजूस आहेत आणि कोणत्या गटारातून त्या बाजूस सांडपाणी येते, याची नोंद विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात केली. त्यात एकही शब्द ऐकीव नव्हता.

विद्यार्थ्यांनी विचार करावा

१. नाकतोड्याने पाने खाल्ली तरी तण का हटले नाही? भुंग्याची खाण्याची रीत त्याहून वेगळी कशी?

२. तण नष्ट करावयाचे असताना सेपिक खोऱ्यात तणालाच खत का घालावे लागले?

३. "तण संपल्यावर किडा पिके खाईल," या शंकेचे समाधान करण्यासाठी प्रयोगशाळेत कोणत्या परीक्षा घेतात?

४. आपल्या गावच्या तळ्यातील तरंगणाऱ्या वनस्पती थाळीत ठेवून भिंगातून पाहा. पाने, देठ, केस व मुळे यांचे चित्र काढा आणि मगच नाव लिहा.